लेले बाईंचा पहिला वाचक

लेले बाईंबद्दल लिहायला मी कोण, हा प्रश्न लिहायला बसण्याआधी पडला होता आणि अजून सुटलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लेखक वगैरे नाही. मी लिहितो ते पगारासाठी, आणि तेही असं की वाचायला कोणी आलं तर त्याचं काहीतरी अडलंय म्हणूनच आलं असं समजायचं. हौसेने कोणी वाचावं असं मी आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. हा परिच्छेद बाईंच्या हाती पडता तर त्यांनी तो हिरव्या पेन्सिलीने आडवा कापला असता. "वाचक कामाला आलाय. त्याला दारात उभं करून स्वतःची कुळकथा काय सांगता?"

तेव्हा कामाचं सांगतो.

तो काळ असा होता की पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं काहीतरी शिकायचं होतं. काय शिकायचं ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण कुठे शिकायचं याच्या जाहिराती विजेच्या प्रत्येक खांबावर होत्या. मी गोंदियाहून आलेला. वडील राईस मिलमध्ये पोती वाहायचे. इंग्रजी विषय घेऊन मी कसाबसा बी.ए. झालो होतो. खोलीवरच्या एका मुलाने सांगितलं, "तू टेक्निकल रायटिंग कर." ते काय असतं हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. त्यात प्रोग्रामिंग नाही आणि एसी आहे, एवढी मात्र त्याची खात्री होती. मला घाई होती. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर परत येऊन मिलच्या वजनकाट्यावर बसायचं, असं बाबांनी मालकांशी बोलूनही ठेवलं होतं.

क्लास कसबा पेठेत होता. पाटीवर 'ग्लोबल' हा शब्द ठळक होता आणि पाटीखालचा जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्याने आधी हाक मारून खाली कोणी येत नाही ना ते विचारावं लागे. खाली तांबटाचा कारखाना. दिवसभर हंड्यांवर ठोके पडत. क्लासचे मालक समीर सर स्वतःला सीईओ म्हणवायचे. ठोक्यांबद्दल कोणी तक्रार केली की म्हणायचे, "कॉर्पोरेटमध्ये डिस्ट्रॅक्शन असतंच. इथे ते ट्रेनिंगमध्ये इन्क्लुडेड आहे." चार कॉम्प्युटर होते. त्यातले दोन चालत, आणि लाइट असेल तेव्हाच चालत. शिकवायचा विषय होता तांत्रिक मजकुराचं संपादन आणि ऑनलाइन हेल्प. म्हणजे सॉफ्टवेअर वापरताना माणूस अडला आणि त्याने एफ-वन दाबलं, की जे मदतीचं पान उघडतं ते लिहायचं आणि तपासायचं.

ते शिकवायला लेले बाई होत्या, कारण त्या समीर सरांच्या आत्या होत्या.

बाई बुटक्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यभर त्यांनी एका कॉम्प्रेसरच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची पुस्तकं लिहिली होती. मग मंदी आली, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि कारखान्याने सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचं पत्र दिलं. बाईंनी ते पत्र तपासून साहेबांकडे परत पाठवलं. समासात लिहिलं होतं : 'स्वेच्छा कोणाची, ते स्पष्ट करावे.' साहेबांनी स्पष्ट केलं नाही. बाई घरी बसल्या, आणि समीर सरांना फुकटात शिक्षक मिळाला.

पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना मॅडम म्हणालं. "मॅडम सरकारी कचेरीत असतात," बाई म्हणाल्या. "मी बाई. आणि तुम्ही उभे राहू नका, खुर्च्या मोजक्याच आहेत, कोणीतरी बसेल."

पेन्सिल हिरवी का, हे मी एकदा भीत भीत विचारलं. "लाल शाई दिसली की माणूस चूक बघत नाही, अपमान बघतो." त्यांच्याकडे अशी उत्तरं तयार असायची, पण पाठ केलेली वाटायची नाहीत. क्लासच्या माहितीपत्रकावर समीर सरांनी 'शंभर टक्के प्लेसमेंट' छापलं होतं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "समीर, शंभर टक्के कशाचे?"

"आत्या, म्हणजे ऑल स्टुडंट्स."

"मग 'सगळ्यांना नोकरी लागेल' असं लिही."

"असं कसं लिहिणार? उद्या कोणी केस केली तर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुला कळलंय."

माहितीपत्रक तसंच राहिलं. बाई त्याला 'आमच्या घरातली ललित शाखा' म्हणायच्या.

पेठेतल्या पाट्यांवरून त्यांचं गल्लीत कोणाशी पटत नसे. बाहेरचे लोक त्या पाट्यांना हसतात. बाई हसत नसत, उभ्या राहून तपासत. एका दारावर 'येथे वाहन लावू नये' असं होतं. बाईंनी बेल वाजवली. मालक बाहेर आले तर म्हणाल्या, "मग कुठे लावावं?"

"तो तुमचा प्रश्न."

"पाटी तुमची आहे. मनाई कोणीही लिहितो हो. वाट सांगायला अक्कल लागते." मालक दार लावून आत गेले. पुढच्या आठवड्यात दुसरी पाटी दिसली : 'पाटीसंबंधी चौकशी करू नये.' बाईंना ती आवडली. निदान नेमकी आहे, म्हणाल्या.

पण बाईंबद्दल सांगायचं तर लेले काकांशिवाय सांगता येत नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले, उंच, शांत, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांचा स्वभाव असा की सांगितलं तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही, आणि मनाचं तर मुळीच नाही. "कोथिंबीर आणा" म्हटलं तर कोथिंबीर येई, पिवळी का असेना. 'हिरवी' असं सांगितलेलं नसे. एरवी बायका अशा नवऱ्याबद्दल शेजारी तक्रार करतात. बाईंनी काकांना कामाला लावलं. क्लासमधून कुठलंही पान बाहेर जायचं असेल तर आधी काका ते चालवून बघणार. म्हणजे आम्ही लिहिलेलं त्यांनी वाचायचं आणि एकेक पायरी जशीच्या तशी करायची. विचारायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. काका अडले की पान नापास.

माझी पहिली परीक्षा मला विसरता येत नाही. बाईंनी सांगितलं, कुकरमध्ये भात लावण्याची कृती लिहा. मला हायसं वाटलं, कारण हे तरी मला येत होतं. तांदूळ धुण्यापासून पाण्याच्या मापापर्यंत सगळं लिहिलं. आम्ही धानाच्या मुलखातले, तांदळाच्या बाबतीत हयगय नाही. शेवटची पायरी होती : 'तीन शिट्ट्या झाल्यावर कुकर खाली उतरवावा.' मागच्या खोलीत चहाचा गॅस होता. काका कागद घेऊन आत गेले. आम्ही इकडे शिकत राहिलो. तास संपत आला तरी शिट्टी नाही. बाईंनी मला आत पाठवलं.

काका स्टुलावर बसून अग्रलेख वाचत होते. कुकर शेगडीवर होता. गॅस बंद.

"काका, शिट्ट्या?" मी म्हणालो.

"अजून नाही झाल्या," काका म्हणाले. "झाल्या की उतरवतो."

बाहेर वर्ग हसला. त्यात सचिनचा आवाज सगळ्यांत मोठा. सचिन पुण्याजवळच्या मांजरी गावचा, बागायतदाराचा मुलगा, क्लासला चारचाकी घेऊन यायचा आणि ती पार मंडईपाशी लावून चालत यायचा. बाई हसल्या नाहीत. मला विचारलं, "गॅस पेटवण्याचं का लिहिलं नाही?"

मी खरंच विचार केला. "बाई, आमच्याकडे चूल असते. ती... पेटलेलीच असते."

"आपोआप?"

"नाही. आई पेटवते. पहाटे."

"मग कृतीतून आईच गळली तुमच्या," बाई म्हणाल्या आणि कागदावर सर्वांत वर हिरवी फुली केली. "जे आपल्यासाठी दुसरं कोणी रोज करतं, ते आपल्याला दिसत नाही. तेच आधी लिहायचं."

मी तो कागद घरी पाठवला नाही. पण त्या रविवारी एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा आईला उगाचच विचारलं, आज किती वाजता उठली. ती म्हणाली, "काहून? काई झालं काय?"

पावसाळ्यात समीर सरांनी घोड्यावर बसल्यासारखं वर्गात येऊन जाहीर केलं की खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणी झाली आहेत. कंपनीने साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणीचं सॉफ्टवेअर केलं होतं. कोणत्या शेतकऱ्याने किती ऊस लावला, कधी लावला, तोड कधी येणार, ते सगळं त्यात. त्याची मराठी हेल्प आमच्या वर्गाने लिहायची. कारखान्याचे लोक बघायला आले, त्यांना पसंत पडलं, तर कंपनी आम्हाला सगळ्यांना घेणार. दिवाळीच्या आधी.

मी घरी कळवून टाकलं. बाबांनी मिलमध्ये सांगितलं की पोरगा काचेच्या इमारतीत बसणार. सचिन मात्र निवांत होता. ती काचेची इमारत त्याच्या मामाच्या शेतात उभी होती आणि कंपनी मामांची भाडेकरू होती.

"मग तुला कशाला रे नोकरी?" मी विचारलं.

"लग्नाला," सचिन म्हणाला. "जमीन हाय, गाडी हाय, पन पोरीवाले इचारत्यात, मुलगा काय करतो. भाडं घेतो म्हनून कसं सांगायचं? तेच गळ्यात पट्टा घालून त्याच इमारतीत गेलो की इंजिनियर."

आम्ही सगळा पावसाळा पानं लिहिली. काका रोज येऊन ती चालवायचे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, 'नवा हंगाम सुरू करा'. काकांनी पहिल्यांदा पायरीप्रमाणे ते दाबलं, 'होय' म्हणाले, आणि मागच्या हंगामाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. परत आणायची सोय नव्हती. बाईंनी कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ते पुढच्या व्हर्जनमध्ये होईल.

"आणि या व्हर्जनमध्ये ऊस लावणाऱ्याने काय करायचं?"

मग बाईंनी त्या पायरीच्या वर एक ओळ घातली : 'थांबा. होय दाबल्यावर मागच्या हंगामाच्या सर्व नोंदी पुसल्या जातात व परत मिळत नाहीत. आधी प्रत काढून ठेवा.' ओळ पायरीच्या वरच हवी, खाली नको, यावर त्यांचा कटाक्ष होता. खड्ड्यात पडल्यावर कोणी पाटी वाचत नाही, म्हणायच्या.

कारखान्याचे लोक यायच्या आदल्या दिवशी कंपनीचे मॅनेजर स्वतः क्लासमध्ये आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. कमरेला ओळखपत्र लटकलेलं. "मॅम, बाकी एकदम बेस्ट आहे. फक्त ती 'थांबा'वाली लाइन थोडी निगेटिव्ह वाटते. क्लायंट घाबरेल."

"घाबरायलाच लिहिलीय."

"पण मॅम, यूजर एवढं वाचत नाही हो."

"मग काढायला का सांगताय?"

मॅनेजरनी समीर सरांकडे पाहिलं. समीर सरांनी आवाज खाली आणला. "आत्या, एक ओळ आहे गं. मुलांच्या नोकऱ्या आहेत."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही वह्यांत बघायला लागलो. खाली ठोके चालू होते. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांपुढे तेव्हा मिलचा काटा होता.

"बटण काढा, मी ओळ काढते," बाई म्हणाल्या. "मी पान लिहिते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे बसलेले असतात." त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "लिहिलंय त्यावर विश्वास ठेवणारा माणूस. त्याला फसवायचं असेल तर माझ्याशिवाय करा."

मॅनेजर गेले. आम्हाला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सचिनच्या गाडीतून आम्ही खराडीला गेलो. बाई, काका, मी. समीर सर आधीच पोचले होते. इमारत इतकी गार होती की काकांनी मफलर काढून गळ्याला गुंडाळला. कारखान्याचे शेतकी अधिकारी आले होते, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मागच्या हंगामाच्या नोंदी त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये भरून घेतल्या होत्या, त्यांचे कारकून पावसाळाभर त्यावर बसले होते. मॅनेजर म्हणाले, आता आमचे टेस्ट यूजर हेल्प वाचून स्वतः करून दाखवतील.

काका खुर्चीवर बसले. एकेक पान उघडत गेले. नवं गाव, नवा शेतकरी, नवं क्षेत्र. सगळं सरळ. अधिकारी मान डोलवत होते. मग काकांनी 'नवा हंगाम' उघडलं, पायरी वाचली, बटण दाबलं, 'होय' म्हणाले.

पडद्यावर काही राहिलं नाही.

"झालं," काका म्हणाले. "पुढची पायरी?"

बाई पुढे झाल्या. पान वरपासून वाचलं. "वरची ओळ कुठाय?"

समीर सर एसीकडे बघत होते.

मॅनेजर काकांना म्हणाले, "सर, तुम्ही आधी कन्फर्म करायला पाहिजे होतं ना."

"मला विचारायचं नसतं," काका म्हणाले. "मला लिहिलंय ते करायचं असतं."

शेतकी अधिकाऱ्यांनी टोपी उचलली. "वह्या हाईत म्हनून बरं," ते म्हणाले. रागावले सुद्धा नाहीत. "आमचेबी कारकून असेच हाईत. सांगितलं तेवढंच करत्यात. त्यांच्यासमोर हे यंत्र ठेवायचं म्हणजे..." वाक्य पुरं न करता ते चहा न घेता गेले. आमच्या नोकऱ्याही त्यांच्याबरोबर लिफ्टने खाली गेल्या.

परतताना अर्ध्या वाटेत काका हळूच म्हणाले, "सुधा, माझ्या हातून गेलं गं सगळं."

बाईंना चिडलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. पण आवाज चढला नाही. "तुमच्या हातून काही गेलेलं नाही. तुम्ही वाचलंत आणि विश्वास ठेवलात. त्यात काय चुकलं?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बघून ठेवा. पान चुकलं की पान लिहिणाऱ्याला काही होत नाही. त्या बिचाऱ्याला वाटत राहतं, आपणच बावळट."

गाडी चालवता चालवता सचिनने नाक पुसलं. एसीने होतं, म्हणाला.

क्लास बंद झाला. समीर सरांनी पुढे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं, त्याच्याही पाटीवर 'ग्लोबल' आहे. बाईंनी मला आणि सचिनला घरी बोलावून राहिलेला अभ्यास पुरा केला. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाक करता करता शिकवायच्या. बाई कुकर चढवून गॅस पेटवत, काका स्टुलावर बसून शिट्ट्या मोजत, मी पान वाचून दाखवत असे. "तीन," काका म्हणाले की बाई गॅस बंद करत आणि त्याच दमात म्हणत, "चौथी पायरी परत वाचा."

दिवाळीच्या तोंडावर मला दुसऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी एक पान तपासायला दिलं. मी विचारलं, हे वाचणारा कोण आहे? ते एकमेकांकडे बघायला लागले. बहुधा हा प्रश्न तिथे आधी कोणी विचारला नव्हता. सचिनला त्याच इमारतीत दुसऱ्या कंपनीने ठेवून घेतलं, आणि लग्नही जमलं.

मी पेढे घेऊन गेलो. निघताना बाईंनी मला बसचा रस्ता सांगितला. मला तो रस्ता पाठ होता, पण त्या सांगत होत्या म्हणून ऐकला. कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी डावीकडे, मग तांबटाच्या दुकानावरून सरळ, रस्ता ओलांडण्याआधी उजवीकडे बघा. "अहो, जा हो यांच्याबरोबर," त्या काकांना म्हणाल्या. "मी बरोबर सांगितलं की नाही बघून या." काका चपला घालून निघाले. मी वळून पाहिलं तेव्हा बाई दारात उभ्या राहून गल्लीतली नवी कुठलीतरी पाटी वाचत होत्या, मान तिरकी करून. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं. काका स्टॉपपर्यंत आले, बस आल्यावर नंबर वाचला, आणि काही न बोलता परत फिरले. सांगितलेलं तेवढंच होतं.

मग मी बंगळूरला गेलो. दरवर्षी जाऊन भेटू म्हणायचो. माणसं असं म्हणतात.

गेल्या पंधरवड्यात सचिनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "लेले बाई गेल्या रे. उन्हाळ्यातच. मलाबी आत्ताच कळलं."

मी विचारलं, "काका?"

"हायत. भेटाय गेल्तो काल. दार उघडंच होतं. आत काका स्टुलावर बसल्याले, हातात पेपर. समोर कुकर."

"बरं."

"गॅस बंद होता. म्हनलं काका, गॅस पेटवायचा राहिलाय. तर म्हनले, 'तो ती पेटवायची. मी शिट्ट्या मोजतो.'"

"मग?"

"मग काय. मी पेटवला. बसलो तिथंच खाली."

"किती वेळ?"

"तीन होईस्तवर," सचिन म्हणाला. "काकांनी मोजल्या."